मोटारीची कुरकुर : दोष भात्याचा कीं कप्पीचा?

नाशिकच्या तांबटआळींत हंडा घ्यावयास गेलेलें जाणतें गिऱ्हाईक पैसे मोजण्यापूर्वीं तो बोटाच्या पेरानें वाजवून पाहतें. अखंड भांडें खणखणतें; चीर गेलेलें बद्द वाजतें. मोटारीच्या इंजिनाची परीक्षाहि पुष्कळ अंशीं अशीच कानानें करावयाची असते. फरक एवढाच कीं, हंडा एकटा वाजतो आणि इंजिनांत दहा वस्तु एकदम वाजत असतात. त्यांतली कोणती कुरकुरते आहे हें ठरविण्यांत चूक झाली, तर शेंकडों रुपयांत भागणाऱ्या कामासाठीं हजारों मोजावे लागतात.

लोहाराच्या भट्टींत भाता ओढला कीं निखाऱ्यांची धग वाढते, कारण त्यांना जादा हवा मिळते. इंजिनाचेंहि तसेंच आहे. तें स्वतःच्या श्वासानें जेवढी हवा आंत घेतें, त्या मानानेंच पेट्रोल त्याला जाळतां येतें. बाहेरून अधिक हवा कोंबली, तर त्याच इंजिनापासून अधिक शक्ति मिळते. हवा कोंबणाऱ्या या यांत्रिक भात्याला सुपरचार्जर म्हणतात. त्याचा एक जुना प्रकार अमेरिकेंतील इंडियाना प्रांतांतल्या रूट्स बंधूंनीं १८६० सालीं पेटंट केला. एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन पात्यांचें तें यंत्र लोखंड गाळण्याच्या भट्ट्यांना वारा घालण्याच्या कामीं आलें. म्हणजे लोहाराच्या भात्याशीं त्याचें नातें खरोखरीचेंच होय. १९२१ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत मर्सिडीझच्या गाड्या असा भाता घेऊन उभ्या राहिल्या. जर्मन भाषेंत त्याला ‘कोम्प्रेसर’ म्हणतात, आणि भारतांत विकल्या गेलेल्या ‘सी २०० कोम्प्रेसर’ गाडीच्या पाठीवर तोच शब्द आहे. या गाड्या आतां जुन्या झाल्या आहेत, व कुरकुरीचा प्रश्न त्यांच्या बाबतींत विशेष येतो.

नाशिकच्या कारखान्यांत २००२ सालापासून तयार होऊं लागलेल्या महिंद्रच्या स्कॉर्पिओलाहि भाता आहे, पण तो वेगळ्या जातीचा. इंजिनांतून बाहेर पडणारा धूरच त्याचें चक्र फिरवितो. त्याला टर्बो म्हणतात, व त्याला पट्टा लागत नाहीं. सुपरचार्जर मात्र पट्ट्यानें फिरतो. मुख्य दांड्यावरील कप्पीपासून निघालेला लांब पट्टा सुपरचार्जर, अल्टरनेटर आणि पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंप, यांना वळसे घालून परत येतो. त्याला वळण देण्यासाठीं व ताण राखण्यासाठीं मध्यें लहान कप्प्या असतात. प्रत्येकीच्या पोटांत बेअरिंग असतें : दोन पोलादी कड्या, त्यांमध्यें छर्रे, आणि दोन्ही अंगांनीं झांकण घालून कोंडलेलें वंगण. हें वंगण जन्मभराचें. वरून घालण्याची सोय नाहीं. कप्पी जितकी लहान तितके तिचे फेरे अधिक. त्यांत इंजिनाची धग, रस्त्याची धूळ आणि इगतपुरीचा पाऊस! झांकणाच्या फटींतून पाणी शिरलें कीं वंगण निकामी होतें, छर्रे आपल्या वाटेला खड्डे पाडतात, आणि घरघर सुरू होते.

सुपरचार्जर जात्याच उंच सुरांत शीळ घालतो. शेजारची कप्पी घरघरूं लागली, कीं आवाज बॉनेटखालीं घुमतो व संशय थेट महागड्या यंत्रावर जातो.

जाणता मिस्त्री प्रथम पाना उचलीत नाहीं, ऐकतो. पट्टा सैल असेल तर आवाज किंकाळीसारखा असतो, व पट्ट्यावर थोडें पाणी शिंपडतांच तो बदलतो. बेअरिंगच्या घरघरीला पाण्याचें सोयरसुतक नसतें. इंजिनाच्या गतीबरोबर ती वाढते. इंजिन संथ चालतांना खडखडाट व्हावा आणि पेडल दाबतांच तो नाहींसा व्हावा, तर सुपरचार्जरच्या तोंडाशीं कप्पी व पाती यांना जोडणारा तुकडा झिजल्याचा संशय घ्यावा.

मग खरी परीक्षा. इंजिन बंद व थंड असतांना पट्ट्याची वाट कागदावर काढून ठेवावी (येथें आळस केलेला पुढें फार महाग पडतो) आणि पट्टा उतरवावा. इंजिन अर्धा मिनिट चालवून पाहावें. पाण्याचा पंप थांबलेला असतो, म्हणून अधिक चालवूं नये. आवाज तसाच राहिला, तर दोष पट्ट्याच्या परिवारांत नाहीं. आवाज गेला, तर इंजिन बंद करून एकेक कप्पी हातानें फिरवावी. चांगली कप्पी मुकाट फिरते व वंगणाच्या चिकटपणामुळें लौकर थांबते. जी एका टिचकीसरशी भिरभिर फिरत राहते ती उत्तम, असें नवख्याला वाटतें. वस्तुतः तिचें वंगण बहुधा संपलेलें असतें. वाळू दळल्यासारखी खरखर बोटांना लागली, किंवा कप्पी धरून हालवितांना डुगडुगली, कीं निदान झालें.

हयगय केली तर बेअरिंग अडकतें, आणि थांबलेल्या कप्पीवरून घसटणारा पट्टा तापून तुटतो. मुंबईहून परततांना कसारा घाटाच्या भर चढणींत असें झालें, तर गाडी केवळ निर्बळ होऊन राहत नाहीं. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असल्यास थोड्याच वेळांत इंजिन उकळूं लागतें.

कांहीं गाड्यांत सबंध कप्पीच बदलावी लागते. जेथें नुसतें बेअरिंग निघतें, तेथें त्याच्यावर कोरलेला आंकडा पाहावा. ६२०३ असेल तर आंतलें भोंक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४०, जाडी १२. शेवटचे दोन आंकडे भोंक सांगतात. ०४ पासून पुढें त्यांना पांचांनीं गुणावें, म्हणजे ०४ चें भोंक २० मिलिमीटर. ०० ते ०३ यांचीं मापें मात्र १०, १२, १५ व १७ अशीं पाठच करावीं लागतात. नवें बेअरिंग कप्पींत दाबतांना जोर बाहेरच्या कडीवरच द्यावा. आंतल्या कडीवर हातोडा पडला, तर तो मार छर्ऱ्यांमार्फत त्यांच्या वाटेला बसतो, आणि पेटींतून नुकतेंच काढलेलें बेअरिंग चार दिवसांत घरघरूं लागतें.