हृदयाचा एमआरआय : भीती नको, माहिती हवी

‘डॉक्टरांनी हृदयाचा एमआरआय सांगितलाय, त्यात करंट देतात का?’ असं गटाच्या बैठकीत आम्हाला विचारतात. आज त्याबद्दलच बोलू या.

हृदय साऱ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्यालाही स्वतःसाठी रक्त लागतं. ते पोचवणाऱ्या मुख्य वाहिन्या जेमतेम २ ते ४ मिलिमीटर रुंद असतात. पाटात गाळ साचला की पुढचं पीक सुकतं. तसंच या वाहिन्यांत चरबी साचली की हृदयाचा तेवढा भाग उपाशी राहतो.

एमआरआयमध्ये करंट देत नाहीत, क्ष-किरणही नसतात. मोठं चुंबक आणि रेडिओलहरी यांनी चित्र काढतात. हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम असलेलं औषध सोडतात. त्यामुळे रक्त चित्रात उजळ दिसतं, रक्त कमी पोचणारा भाग काळसर दिसतो. हृदय सतत हलतं, म्हणून छातीला ईसीजीच्या पट्ट्या लावून ठोक्यांच्या तालावर चित्रं घेतात. मधूनमधून श्वास रोखायला सांगतात. यंत्र ठकठक आवाज करतं, पण दुखत नाही. साधारण तासभर लागतो.

एक लक्षात ठेवू या. हृदयाच्या स्नायूची इजा यात छान कळते. पण वाहिनी नेमकी किती अरुंद झाली, हे पाहायला बहुतेक वेळा सीटी किंवा नळी घालून केलेली अँजिओग्राफी लागते. कोणती तपासणी का, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

आत जाण्याआधी मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, केसांच्या पिना, साडीची सेफ्टी पिन सगळं काढा. पेसमेकर किंवा अंगात धातूची क्लिप असेल, किडनीचा आजार असेल, दिवस गेले असतील, तर आधीच सांगा. किडनी फार बिघडलेली असेल तर हे औषध घातक ठरू शकतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं. छातीत दाब, दम लागणं, घाम, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, कारण नसताना थकवा, ही बाईच्या हृदयविकाराची लक्षणं असू शकतात. ‘पित्त झालं असेल’ म्हणत स्वयंपाक उरकत बसू नका. अशा वेळी एमआरआयची वाट पाहायची नसते, आधी ईसीजी लागतो. लगेच १०८ ला फोन करा. घरच्यांसाठी धावतो, तसं एकदा स्वतःसाठीही धावू या.