उभयान्वयी अव्यये आणि वाक्यसंयोजन : प्राथमिक स्तरावरील अध्यापनाचा विचार

प्रस्तावना :
दोन शब्द किंवा दोन वाक्ये जोडणाऱ्या अविकारी शब्दांना मराठी व्याकरणात उभयान्वयी अव्यये म्हणतात. प्रधानत्वसूचक व गौणत्वसूचक हे त्यांचे प्रकार विद्यार्थी पाठ करतात. तथापि महाविद्यालयात आलेल्या अनेक विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत तुटक वाक्ये किंवा 'आणि'ने ओवलेली लांबलचक माळ आढळते. प्रकारांची नावे सांगता येणे आणि विचार जोडता येणे या भिन्न गोष्टी होत. दुसऱ्या गोष्टीची पायाभरणी प्राथमिक वर्गात कशी करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अर्थसंबंध आधी, अव्यय नंतर :
'पाऊस पडला' हे एकच वाक्य फळ्यावर लिहावे. त्यापुढे 'गारा पडल्या', 'ओढ्याला पाणी आले' आणि 'विहिरी कोरड्याच राहिल्या' ही तीन वाक्ये द्यावीत. पहिल्यात नुसती भर आहे, दुसऱ्यात परिणाम आहे, तर तिसऱ्यात अपेक्षाभंग आहे. हे मुलांकडून वदवून घेतल्यास 'आणि', 'म्हणून' व 'पण' ही अव्यये ती स्वतःच सुचवितात. समुच्चयबोधक, परिणामबोधक, न्यूनत्वबोधक या संज्ञा पुढील इयत्तांत सांगितल्या तरी चालतात.

क्रम आणि रचना :
'रस्ता खचला होता म्हणून एसटी आली नाही' आणि 'एसटी आली नाही, कारण रस्ता खचला होता' या वाक्यांतील घटना एकच आहे. 'म्हणून' वापरताना कारण आधी येते, तर 'कारण' वापरताना ते नंतर येते. परंपरागत व्याकरणानुसार पहिले वाक्य संयुक्त व दुसरे मिश्र ठरते. लहान मुलांना हा भेद सांगण्याची गरज नाही. क्रम उलटवून पाहण्याचा सराव मात्र अवश्य द्यावा.

जोडताना वाक्याचे रूपही बदलते. 'राजूने आंबा खाल्ला. राजूने पोळी खाल्ली.' यांचे 'राजूने आंबा आणि पोळी खाल्ली' असे वाक्य होते. येथे पुनरुक्ती गळते व क्रियापद जवळच्या नामाप्रमाणे चालते.

अव्ययाविना जोडणी :
'मुलगा उठला. मुलगा शाळेत गेला.' या वाक्यांना 'आणि'ने जोडणे चूक नव्हे. परंतु 'मुलगा उठून शाळेत गेला' ही मराठीची सहज रचना आहे. घरी बोलताना मूल ती वापरतच असते. 'उभयान्वयी अव्यय वापरून वाक्ये जोडा' एवढाच प्रश्न वारंवार दिल्यास लेखनातून ही रचना हरवते व 'आणि'ची माळ लांबत जाते.

निष्कर्ष :
वाक्यसंयोजनाच्या प्रश्नात 'हेच अव्यय का निवडले?' असा उपप्रश्न जोडून त्याच्या उत्तरालाही गुण द्यावेत. कार्यकारणभाव, विरोध व अट यांची मांडणी हा प्रत्येक विद्याशाखेतील लेखनाचा कणा आहे. म्हणूनच हा प्रश्न केवळ भाषाशिक्षकाचा उरत नाही.