एक दात बदलण्याआधी चेन मोजा: स्प्रॉकेटचा पूर्ण हिशेब

आजचा विषय खास त्या मित्रांसाठी, जे टू-व्हीलर गॅरेज किंवा स्पेअर पार्टचं छोटं दुकान टाकायच्या तयारीत आहेत. व्हिडिओत आकडे भराभर जातात, म्हणून सगळा हिशेब इथे लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

रत्नागिरीत दुकान टाकलंत तर दोन प्रकारची गिऱ्हाइकं नक्की येणार. एक, मिरकरवाडा बंदरातून मासळीचे क्रेट बांधून गावोगाव फिरणारा. तो म्हणणार, "चढाला गाडी दमते, पिकअप वाढवून द्या." दुसरा, हातखंब्याहून हायवेला लागून रोज लांबचा प्रवास करणारा. तो म्हणणार, "वेगात इंजिन फार ओरडतं, अ‍ॅव्हरेज पण मिळत नाही." दोघांनाही कोणीतरी सांगितलेलं असतं की पुढचं स्प्रॉकेट बदललं की काम झालं. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे चेन, आणि तुमच्या दुकानाचं नाव होणार की जाणार, ते तिथे ठरतं.

आधी दात मोजा

मागचे दात भागिले पुढचे दात, एवढंच गणित. समजा, गाडीला पुढे १४ आणि मागे ४२ दात आहेत. ४२ ÷ १४ = ३. म्हणजे पुढचं स्प्रॉकेट तीनदा फिरतं तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं.

- पुढे १३ केलं: ४२ ÷ १३ = ३.२३. ओढ सुमारे ८ टक्के वाढली, पण तेवढ्याच आरपीएमला वेग सुमारे ७ टक्के कमी झाला.
- पुढे १५ केलं: ४२ ÷ १५ = २.८. तेवढ्याच आरपीएमला वेग ७ टक्के वाढला, ओढ जवळपास तेवढीच कमी झाली.
- पुढे १४च ठेवून मागे ४५ केलं: ४५ ÷ १४ = ३.२१. म्हणजे जवळजवळ पुढे १३ केल्यासारखंच.

लक्षात काय ठेवायचं? अशा गाडीवर पुढचा एक दात म्हणजे मागचे तीन दात. म्हणून पुढे एका वेळी एकच दात बदलायचा, दोन नाही.

मासळीवाल्याला १३ चालेल. साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढताना त्याला फरक कळेल. पण हायवेला इंजिन जास्त ओरडेल, हे आधीच सांगा. हायवेवाल्याला १५ चालेल, पण तो डबलसीट, सामान बांधून घाटात जात असेल तर त्याला सारखा खालचा गिअर टाकावा लागेल आणि अ‍ॅव्हरेजचा फायदा तिथेच संपेल. गिऱ्हाईक काय मागतंय यापेक्षा ते कुठे आणि किती ओझं घेऊन चालवतंय, हे आधी विचारा.

आता चेन

चेनवरचा नंबर वाचायला शिका. १०० ते १६० सीसीच्या बहुतेक गाड्यांवर ४२८ असतो, मोठ्या गाड्यांवर ५२० दिसतो. पहिला आकडा पिच सांगतो, म्हणजे एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचं अंतर, इंचाच्या आठव्या भागात. ४ म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी. ५ म्हणजे १५.८७५ मिमी. पुढचे दोन आकडे रुंदीचे. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकाच नंबरची हवीत, इथे तडजोड नाही.

आता मुख्य नियम. पुढचे आणि मागचे दात मिळून २ वाढले की चेन एक कडी जास्त मागते. पण साध्या लॉकच्या चेनमध्ये कड्या नेहमी सम असतात: १०८, ११०, ११२. म्हणून मधला फरक मागचा एक्सल पुढे-मागे सरकवून भरून काढायचा.

आपल्या १४-४२ गाडीला ११० कड्यांची चेन आहे असं धरू. पुढे १५ केलं तर एक्सल सुमारे ३ मिमी पुढे घ्यावा लागेल. १३ केलं तर तेवढाच मागे. मागे ४४ टाकलं तर सुमारे ७ मिमी पुढे. अ‍ॅडजस्टरमध्ये तेवढी जागा असेल तर जुन्या मापाची चेन चालते. पण १५-४५ केलं तर एकूण ४ दात वाढले, म्हणजे २ कड्या. तिथे ११२ची चेन घ्या.

किती कड्या लागतील हे काढायचं असेल तर एक्सल अ‍ॅडजस्टरच्या सगळ्यात पुढच्या बाजूला आणा. पुढच्या स्प्रॉकेटच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. समजा ५१० मिमी आलं.

१. दुप्पट करून पिचने भागा: १०२० ÷ १२.७ = ८०.३
२. दोन्हीकडच्या दातांची निम्मी बेरीज मिळवा: (१४ + ४२) ÷ २ = २८. झाले १०८.३
३. मागचं स्प्रॉकेट मोठं असल्याने अर्धी कडी आणखी धरा: १०८.८
४. पुढच्या सम आकड्यावर जा: ११०

१०८ची चेन घेतली तर ती बसणारच नाही, कारण एक्सल आणखी ५ मिमी पुढे जायला हवा आणि तिथे जागा नाही. ११०ला एक्सल साडेसात मिमी मागे बसतो, पुढे ताण द्यायलाही जागा उरते.

जुनी चेन, नवं स्प्रॉकेट

"फक्त पुढचं टाका, चेन राहू दे," असं गिऱ्हाईक म्हणणारच. तेव्हा वाद घालू नका, चेन मोजून दाखवा. ४२८च्या नव्या चेनमध्ये २० पिचचं माप २५४ मिमी भरतं. चेन ताणून धरून मोजा, २५९च्या आसपास आलं तर ती संपली. अशी चेन नव्या स्प्रॉकेटचे दात लवकर खाते. आपल्याकडे पावसाळ्यात लाल चिखल आणि किनाऱ्याला खारी हवा, त्यामुळे मोजल्याशिवाय अंदाज बांधू नका.

दुसरी गोष्ट, चेन मोठी असेल तर कापता येते. लहान असेल तर जुन्या चेनला नव्या कड्या जोडू नका. जुन्या कड्यांचं पिच वाढलेलं असतं, नव्यांचं नसतं. त्या जोडावर ताण येतो. घाटात उतरताना चेन सुटून स्प्रॉकेटपाशी अडकली तर मागचं चाक जागेवर लॉक होऊ शकतं. थोडे पैसे वाचवण्यासाठी कोणाचा जीव पणाला लावायचा नाही.

गाडी देण्याआधी

- लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला आहे का?
- एक्सलच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का?
- चाक फिरवून चेन सगळ्यात घट्ट असेल तिथे ढील मोजली का? माप गाडीच्या पुस्तकात असतं.
- मागचा ड्रम ब्रेक पुन्हा सेट केला का? एक्सल मागे गेला की ब्रेक धरून राहतो, पुढे आला की पेडल ढिलं पडतं. हे विसरलं जातं.
- मोठं स्प्रॉकेट कव्हरला, टायर पुढे कुठे घासतोय का?
- स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो का? मग १५ दातांवर काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६४ला असेल. गिऱ्हाइकाला सांगा. पुढच्या चाकावरून चालत असेल तर फरक नाही.

धंद्याच्या बाजूने

सुरुवातीला सगळ्या गाड्यांचे सगळे दात भरून ठेवू नका, पैसा शेल्फवर अडकतो. तुमच्या भागात जास्त चालणाऱ्या दोन-तीन मॉडेलचं कंपनीच्या मापाचं चेन किट आणि पुढचं एक दात कमी, एक दात जास्त, एवढं पुरे. खरेदी करताना दातांबरोबर शाफ्टच्या खाचा आणि बोल्टची भोकं जुळवा. दात सारखे म्हणजे पार्ट बसेलच असं नाही.

जॉब कार्डवर चार गोष्टी लिहा: जुने दात, नवे दात, कड्या, किलोमीटर. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आधी विचारायला सांगा, आणि तेही लिहून ठेवा. समजा तुमची मजुरी २५० रुपये आहे. गाडी आठ दिवसांत चेन वाजते म्हणून परत आली, तर दुसऱ्यांदाची मजुरी तुमच्या खिशातून जाते. पाच मिनिटं मोजण्यात घालवली तर ती वाचते.

आणि मोजल्यावर कधी कधी उत्तर असं येतं की गाडीला बदल नकोच, फक्त चेन संपली आहे. तेव्हा तसंच सांगा. त्या दिवशी एक स्प्रॉकेट कमी विकलं जाईल, पण तोच माणूस पुढच्या वेळी भावाची गाडी घेऊन येईल.

तुमच्या गाडीचे दात आणि कड्या मोजून व्हिडिओखाली लिहा, हिशेब एकत्र करू.