दुभत्या गाईच्या लाथा
ऑस्ट्रेलियातील क्राऊन कॅसिनोचा उत्कर्ष आणि सरकारी नियंत्रणाची कसोटी

केरी पॅकर हे नाव भारतीय वाचकांना ठाऊक आहे ते क्रिकेटमुळे. प्रक्षेपणाच्या हक्कांवरून क्रिकेट मंडळाशी बिनसल्यावर १९७७ मध्ये त्यांनी जगभरातील नामवंत खेळाडूंना करारबद्ध केले आणि प्रकाशझोतातील सामने, रंगीत कपडे व पांढरा चेंडू या गोष्टी रूढ केल्या. याच पॅकर कुटुंबाच्या कंपनीने १९९९ मध्ये मेलबर्नचा क्राऊन कॅसिनो ताब्यात घेतला. पुढील दोन दशकांत क्राऊन ही ऑस्ट्रेलियातील सर्वांत मोठी कॅसिनो कंपनी बनली. फेब्रुवारी २०२१ ते मार्च २०२२ या अवघ्या तेरा महिन्यांत मात्र तीन राज्यांतील तीन स्वतंत्र चौकशांनी हीच कंपनी कॅसिनो चालविण्यास अपात्र असल्याचा निर्वाळा दिला. तरीही तिचा एकही परवाना रद्द झाला नाही. असे का घडले, याचे उत्तर जुगार आणि सरकारी तिजोरी यांच्या नात्यात दडलेले आहे.

साम्राज्याचा विस्तार

मेलबर्न हे व्हिक्टोरिया राज्याच्या राजधानीचे शहर. नव्वदच्या दशकाच्या आरंभी मंदीने ग्रासलेल्या या राज्याला रोजगार आणि महसूल हवा होता. १९९३ मध्ये सरकारने कॅसिनोचा एकमेव परवाना दिला. १९९४ मध्ये तात्पुरत्या जागेत खेळ सुरू झाला आणि मे १९९७ मध्ये यारा नदीकाठी हॉटेल, उपाहारगृहे, दुकाने यांनी सजलेले भव्य संकुल उभे राहिले. राज्यात एकाच ठिकाणी सर्वाधिक लोकांना रोजगार देणारी आस्थापना म्हणून त्याची गणना होऊ लागली.

२००४ मध्ये पर्थ येथील बर्सवूड कॅसिनो पॅकर यांच्या कंपनीकडे आला. २००५ मध्ये केरी पॅकर यांचे निधन झाल्यावर पुत्र जेम्स यांनी वडिलोपार्जित प्रसारमाध्यमांचा व्यवसाय बाजूला सारून जुगारावर लक्ष केंद्रित केले. मकाव येथे भागीदारीत कॅसिनो उभारले गेले, तर सिडनीच्या बंदरालगत बारंगारू येथे धनाढ्यांसाठी कॅसिनो उभारण्याचा परवाना २०१४ मध्ये मिळाला. त्याच वर्षी व्हिक्टोरिया सरकारने मेलबर्नच्या परवान्याची मुदत २०३३ वरून थेट २०५० पर्यंत वाढविली. यंत्रांची आणि टेबलांची संख्याही वाढवून दिली. एवढ्यावरच न थांबता, भविष्यात सरकारने काही कडक नियम केले आणि त्यामुळे कंपनीचे नुकसान झाले, तर २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत भरपाई देण्याचेही मान्य केले. म्हणजे नियम करण्याचा आपला अधिकार सरकारने एका अर्थी कंपनीकडे गहाणच टाकला.

चीनमधील गिऱ्हाईक

क्राऊनच्या महत्त्वाकांक्षेचा आधार होता चीनमधील श्रीमंत जुगारी. चीनच्या मुख्य भूमीवर कॅसिनो निषिद्ध आहेत, परदेशी जुगारासाठी लोकांचे गट जमविणे हा तेथे गुन्हा आहे आणि देशाबाहेर पैसा नेण्यावरही कडक मर्यादा आहे. या अडचणींतून वाट काढतात ते 'जंकेट' नावाने ओळखले जाणारे दलाल. ते बडी गिऱ्हाइके आणतात, त्यांना उधारीवर खेळू देतात, हरलेली रक्कम मायदेशी वसूल करतात आणि कॅसिनोकडून दलाली घेतात. यात पैसा कोणाचा आणि कोठून आला, हे कॅसिनोला कळत नाही किंवा कळून घ्यायचे नसते. काळा पैसा पांढरा करणाऱ्यांना याहून सोयीची व्यवस्था शोधून सापडणार नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये चीनने क्राऊनच्या १९ आजी-माजी कर्मचाऱ्यांना अटक केली. त्यांपैकी १६ जणांना पुढील वर्षी तुरुंगवासाची शिक्षा झाली. कंपनीने मकावमधून अंग काढून घेतले. परंतु ऑस्ट्रेलियात तिला कोणी फारसे हटकले नाही. एप्रिल २०१८ मध्ये पोकर यंत्रांवरील काही बटणे झाकल्याबद्दल तिला तीन लाख डॉलरचा दंड झाला; एवढ्या मोठ्या कंपनीला ही रक्कम किरकोळच होती. त्याच वर्षी व्हिक्टोरियाच्या नियामक आयोगाने परवान्याचा नियमित आढावा घेतला आणि काही शिफारशी करून क्राऊन पात्रच असल्याचा निष्कर्ष काढला.

अखेर जाग आली ती पत्रकारांमुळे. जुलै २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणीने कंपनीचे अंतरंग उघड केले. त्यानंतर सिडनीत माजी न्यायमूर्ती पॅट्रिशिया बर्गिन यांची चौकशी बसली. क्राऊनच्या उपकंपन्यांच्या बँक खात्यांतून काळा पैसा फिरविला गेला, संघटित गुन्हेगारीशी संबंध असलेल्या जंकेटशी व्यवहार झाले आणि चीनमधील कर्मचाऱ्यांना धोक्यात लोटले गेले, हे फेब्रुवारी २०२१ मधील अहवालाने स्पष्ट केले. सिडनीचे हॉटेल डिसेंबर २०२० मध्येच सुरू झाले होते. जुगाराची दालने मात्र रिकामी राहिली.

मेलबर्नमध्ये रे फिंकेलस्टाईन यांच्या शाही आयोगाने याहून खोल खणले. चिनी ग्राहकांच्या बँक कार्डांवरून जुगारासाठी पैसे घ्यायचे आणि पावती मात्र हॉटेलच्या सेवेची द्यायची, असा प्रकार २०१२ ते २०१६ या काळात चालला होता. ग्राहकांना दिलेल्या काही सवलतींचा खर्च उत्पन्नातून वजा दाखवून कंपनीने राज्याचा जुगारकरही वर्षानुवर्षे कमी भरला होता. थकलेला कर आणि व्याज मिळून सहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम तिला २०२१ मध्ये भरावी लागली. ज्या महसुलासाठी सरकार डोळेझाक करत होते, त्यातच कंपनी हात मारत होती.

सर्वांत विदारक भाग सामान्य जुगाऱ्यांचा होता. जुगाराच्या आहारी गेलेल्यांना वेळीच थांबविण्याची लेखी हमी कंपनीने दिली होती. प्रत्यक्षात काही ग्राहक विश्रांतीविना चोवीस तासांहून अधिक काळ खेळत राहिल्याचे आढळले.

परवाना का टिकला?

ऑक्टोबर २०२१ मध्ये आयोगाने क्राऊनला अपात्र ठरविले. पण परवाना तत्काळ रद्द केल्यास राज्याच्या अर्थव्यवस्थेला आणि निरपराध कर्मचाऱ्यांना झळ पोहोचेल, असे सांगून सुधारण्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. देखरेखीसाठी खास व्यवस्थापक नेमला गेला. दुभत्या गाईच्या लाथा गोड, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. कंपनी एवढी मोठी होऊ दिली गेली की तिला बंद करणे हीच शिक्षा राज्याला जड वाटू लागली.

अर्थात, दावे आवळले गेले हेही खरे. कमाल दंड दहा लाखांवरून दहा कोटी डॉलरवर नेण्यात आला, २०१४ च्या करारातील भरपाईची तरतूद रद्द झाली, जंकेटना बंदी झाली आणि जुना नियामक आयोग मोडीत काढून नवा नेमला गेला. या आयोगाने २०२२ मध्ये चिनी कार्डांच्या प्रकरणी आठ कोटी, तर जुगाऱ्यांच्या हेळसांडीबद्दल बारा कोटी डॉलरचा दंड ठोठावला. काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याच्या उल्लंघनाबद्दल संघीय न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये ४५ कोटींचा दंड केला. डिसेंबर २०२३ पासून मेलबर्नमधील पोकर यंत्रांवर कार्डाविना आणि खर्चाची मर्यादा आधी ठरविल्याविना खेळता येत नाही.

जून २०२२ मध्ये अमेरिकेतील ब्लॅकस्टोन या वित्तसंस्थेने ८९० कोटी डॉलरना क्राऊन विकत घेतली आणि पॅकर कुटुंबाचा संबंध संपला. ऑगस्ट २०२२ मध्ये सिडनीचा कॅसिनो अटींसह सुरू झाला. २०२४ मध्ये दोन्ही राज्यांच्या नियामकांनी नव्या मालकीची कंपनी पात्र असल्याचे जाहीर केले.

२०१८ मध्ये जी कंपनी पात्र ठरली, तीच २०२१ मध्ये अपात्र ठरली. मधल्या काळात कंपनी बिघडली नव्हती. गैरव्यवहार त्याआधीचेच होते. फरक एवढाच, की तिच्या हिशेबाच्या वह्या प्रथमच कोणी नीट उघडून पाहिल्या. परवान्याची मुदत २०५० पर्यंत आहे. तोवर त्या वह्या नियमितपणे उघडल्या जातात की नाही, यावरच या सुधारणेचे खरे मोल ठरणार आहे.