सामाईक पाणी आणि शेजाऱ्यांचे तंटे : डॉ. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे जीवनकार्य

स्पेन देशातील व्हॅलेन्सिया शहराच्या कॅथेड्रलला 'प्रेषितांचे दार' नावाचे एक प्राचीन प्रवेशद्वार आहे. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता या दारासमोर काळे झगे परिधान केलेले शेतकऱ्यांचे प्रतिनिधी गोलाकार मांडलेल्या आसनांवर येऊन बसतात. तुरिया नदीच्या पाण्यावर भिजणाऱ्या शेतमळ्यांचे आठ कालवे आहेत. प्रत्येक कालव्याच्या शेतकऱ्यांनी आपल्यातूनच निवडलेले हे न्यायाधीश असतात. कोणी पाळी नसताना पाणी घेतले, कोणी पाट नादुरुस्त ठेवला, अशा तक्रारी येथे तोंडी मांडल्या जातात. वकील नसतो. कागदपत्रांची भेंडोळी नसतात. ज्या कालव्याचा तंटा असेल त्या कालव्याचा प्रतिनिधी निर्णयात भाग घेत नाही. उर्वरित सभासद तेथल्या तेथे निवाडा देतात.

कित्येक शतके चालत आलेल्या या जलन्यायालयाची नोंद २००९ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. योगायोग असा, की ज्या विदुषीने आपल्या ग्रंथातून या न्यायालयाचे महत्त्व जगभरच्या अभ्यासकांसमोर मांडले होते, त्या डॉ. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना त्याच वर्षी अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. डॉ. ऑलिव्हर विल्यमसन यांच्यासमवेत तो त्यांना विभागून देण्यात आला. विशेष म्हणजे त्या अर्थशास्त्रज्ञ नव्हत्या. त्यांचा विषय राज्यशास्त्र होता, आणि अर्थशास्त्राचे दार त्यांच्यासाठी एकेकाळी बंद करण्यात आले होते.

नाकारलेली वाट

एलिनॉर यांचा जन्म ७ ऑगस्ट १९३३ रोजी अमेरिकेतील लॉस एंजलिस येथे झाला. जागतिक मंदीचा तो काळ होता. घरची परिस्थिती बेताची असली तरी श्रीमंत वस्तीतील चांगल्या शाळेत त्यांना शिकता आले. मात्र बीजगणित व भूमितीत उत्तम गुण नसलेल्या मुलींना तेथे त्रिकोणमिती घेऊ देत नसत. १९५४ साली त्यांनी राज्यशास्त्राची पदवी घेतली. नोकरीसाठी गेल्यावर त्यांना पहिला प्रश्न विचारला जाई तो टंकलेखन आणि लघुलेखन येते का, असा. बोस्टनमध्ये नोकरी करून त्यांनी आपल्या पहिल्या पतीच्या कायद्याच्या शिक्षणाला हातभार लावला.

पुढे त्यांनी डॉक्टरेट करण्याचे ठरविले. गणिताची पुरेशी पार्श्वभूमी नसल्यामुळे अर्थशास्त्र विभागाने त्यांना प्रवेश नाकारला. राज्यशास्त्र विभागाने प्रवेश दिला, पण चाळीस विद्यार्थ्यांच्या त्या वर्गात स्त्रिया केवळ चार होत्या, आणि त्या चौघींना शिष्यवृत्ती देणे योग्य आहे काय, यावरही काही प्राध्यापकांच्या मनात शंका होत्या.

१९६३ साली त्यांचा विवाह राज्यशास्त्राचे अभ्यासक प्रा. व्हिन्सेंट ऑस्ट्रॉम यांच्याशी झाला. १९६५ साली डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी दोघे इंडियाना विद्यापीठात आले. नेमणूक व्हिन्सेंट यांची होती. एलिनॉर यांना मिळाले ते मंगळवार, गुरुवार आणि शनिवार सकाळी साडेसातचे तास, जे इतर कोणालाही नको होते. तक्रार न करता त्यांनी ते स्वीकारले, आणि पुढील सुमारे सत्तेचाळीस वर्षे तेच विद्यापीठ त्यांचे कार्यक्षेत्र राहिले.

विहिरींत शिरणारे समुद्राचे पाणी

त्यांच्या प्रबंधाचा विषय आपल्या किनारपट्टीवरील वाचकांना परका वाटणार नाही. लॉस एंजलिस परिसराच्या भूगर्भात गोड्या पाण्याचे मोठे साठे आहेत. त्यांपैकी पश्चिमेकडील साठा समुद्रालगतचा आहे. शहरे वाढली, कारखाने वाढले, आणि जो तो अधिकाधिक पाणी उपसू लागला. कायदाही असा होता की जो जास्त उपसा करील त्याचा हक्क बळकट होई. परिणामी पाण्याची पातळी खाली गेली आणि पॅसिफिक महासागराचे खारे पाणी जमिनीखालून आत शिरू लागले. उपसा थांबवावा हे सर्वांना कळत होते. पण मी थांबलो आणि शेजारी थांबला नाही तर काय, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात होता.

१९४५ साली प्रकरण न्यायालयात गेले. सुमारे पाचशे पक्षकार त्यात गुंतलेले होते. सामान्यतः अशा खटल्याचा शेवट पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैरात होतो. येथे मात्र पाणी वापरणाऱ्यांनी आपली एक संघटना स्थापन केली आणि तिच्या बैठकांतून चर्चा सुरू ठेवली. भूगर्भातील पाण्याची खरी स्थिती काय आहे, याची सर्वांना मान्य होईल अशी माहिती त्यांनी प्रथम गोळा केली. नंतर प्रत्येकाने किती कपात करावी याची वाटाघाट झाली. एका शहराने शेवटपर्यंत सही केली नाही, तरीही बहुसंख्यांनी तडजोड स्वीकारली आणि १९६१ साली अंतिम निवाडा झाला. किनाऱ्यालगत गोडे पाणी जमिनीत सोडून खाऱ्या पाण्याला अडविण्याची योजनाही याच प्रयत्नांतून आकाराला आली. या बैठकांना तरुण एलिनॉर उपस्थित राहत, ऐकत आणि टिपणे घेत. भांडणारी माणसे स्वतःच नियम घडवू शकतात, हे त्यांनी ग्रंथात वाचण्यापूर्वी डोळ्यांनी पाहिले होते.

एका प्रसिद्ध सिद्धान्ताला उत्तर

१९६८ साली गॅरेट हार्डिन या शास्त्रज्ञाचा एक लेख प्रसिद्ध झाला आणि तो अतिशय गाजला. त्यातील दाखला साधा आहे. एक सामाईक कुरण आहे. प्रत्येक गुराखी विचार करतो की आपण आणखी एक जनावर चरायला सोडले तर लाभ आपला एकट्याचा आणि नुकसान मात्र सर्वांत वाटले जाईल. सगळेच असा विचार करतात आणि कुरण उजाड होते. यावर दोनच उपाय सांगितले जाऊ लागले : एक तर सरकारने ताबा घ्यावा, नाही तर कुरणाचे तुकडे पाडून खासगी मालकीचे करावेत.

डॉ. ऑस्ट्रॉम यांनी हार्डिन यांचा तर्क सर्वस्वी खोटा ठरविला नाही. जेथे माणसे परस्परांशी बोलत नाहीत, जेथे कोणताच नियम नाही, तेथे असा नाश होतो, हे त्यांना मान्य होते. परंतु खरोखरीचे गुराखी, कोळी आणि शेतकरी असे मुके असतात काय, हा त्यांचा प्रश्न होता. तो घेऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातील उदाहरणे तपासली. त्यातून १९९० साली 'गव्हर्निंग द कॉमन्स' हा त्यांचा प्रमुख ग्रंथ सिद्ध झाला.

त्यातील काही उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. स्वित्झर्लंडमधील ट्योर्बेल गावाने १५१७ साली नियम केला, की हिवाळ्यात आपल्या चाऱ्यावर जितक्या गायी पोसता येतील तितक्याच गायी उन्हाळ्यात डोंगरावरील सामाईक कुरणात न्याव्यात. तुर्कस्तानातील अलान्या येथील कोळी बांधवांत मासेमारीच्या चांगल्या जागांवरून हाणामाऱ्या होत. त्यांनी जागांची यादी केली, दर सप्टेंबरला चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या आणि रोज एक जागा पुढे सरकण्याचा क्रम लावला. त्यामुळे उत्तम जागा प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येई. आपली पाळी असताना तेथे दुसरा कोणी आला तर ज्याची पाळी तोच राखणदार. वेगळ्या पहारेकऱ्याची गरज उरली नाही. व्हॅलेन्सियातील दोन कालव्यांच्या ८४ शेतकऱ्यांनी तर १४३५ साली संत फ्रान्सिस यांच्या मठात एकत्र येऊन आपली नियमावली तयार केली होती.

तंटा होणारच; मिटवायचा कोठे?

या सर्व अभ्यासातून डॉ. ऑस्ट्रॉम यांनी दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांची आठ लक्षणे सांगितली. वाटेकरी कोण आणि साठा किती, याच्या सीमा स्पष्ट असाव्यात. नियम स्थानिक परिस्थितीला साजेसे असावेत. ज्यांना नियम पाळायचे आहेत त्यांना ते बनविण्यात व बदलण्यात वाटा असावा. देखरेख करणारे त्या लोकांना उत्तरदायी असावेत. शिक्षा पायरीपायरीने वाढणारी असावी; पहिल्या चुकीला हलका दंड पुरेसा आहे. तंटे मिटविण्याची जागा जवळ, स्वस्त आणि त्वरित निर्णय देणारी असावी. लोकांच्या या संघटनेचा हक्क सरकारने मान्य करावा. आणि साठा मोठा असेल तर लहान संस्था मोठ्या संस्थांत गुंफलेल्या असाव्यात.

यातील तंट्यांविषयीचे सहावे लक्षण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. आपण सहसा असे समजतो की जेथे ऐक्य आहे तेथे भांडण नसते. डॉ. ऑस्ट्रॉम यांचे निरीक्षण निराळे आहे. नियम कितीही चांगला असला तरी त्याचा अर्थ लावताना मतभेद होतात. कोणाच्या घरी आजारपण असते म्हणून तो श्रमदानाला येऊ शकत नाही. ही चूक की अडचण, हे कोणीतरी ठरवावे लागते. ते लवकर ठरले नाही तर संशय वाढतो, आणि इतर नियम पाळत नाहीत असे वाटू लागले की प्रामाणिक माणूसही नियम पाळणे सोडून देतो. म्हणून टिकलेल्या समाजांतही भांडणे झालीच. पण ती मिटविण्याची ठरलेली जागा त्यांच्याजवळ होती.

नेपाळमधील पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासाने याला आणखी एक पैलू जोडला. तेथे शेतकऱ्यांनी दगडमातीने बांधलेले साधे बंधारे आणि सरकारने उभारलेले पक्के बंधारे यांची तुलना केली असता, कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पाणी पोहोचविण्यात शेतकऱ्यांच्या व्यवस्था अधिक यशस्वी आढळल्या. कारण विचार करायला लावणारे आहे. कच्चा बंधारा दरवर्षी दुरुस्त करावा लागतो. त्यासाठी वरच्या शेतकऱ्याला खालच्या शेतकऱ्याच्या श्रमांची गरज असते, म्हणून तो पाण्याचा वाटाही देतो. पक्का बंधारा झाला की वरच्याला खालच्याची गरज उरत नाही, आणि गरजेबरोबर वाटाही आटतो. महाराष्ट्रातही धुळे-नाशिक भागात फड पद्धतीने नदीचे पाणी वाटून घेण्याची जुनी परंपरा आहे. तेथे लोकांनी नेमलेला पाटकरी पाण्याचे वाटप पाहत असे.

कार्यशाळेतील साधना

१९७३ साली ऑस्ट्रॉम दांपत्याने इंडियाना विद्यापीठात एक अभ्यासकेंद्र स्थापन केले आणि त्याला 'कार्यशाळा' असे नाव दिले. दोघे एका कुशल सुताराकडे लाकूडकाम शिकले होते. गुरू आणि शिष्य एकाच बाकावर काम करतात, तशीच विद्या घडावी अशी त्यांची धारणा होती. १९७० च्या दशकात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह पोलीस सेवेचा अभ्यास केला. अनेक लहान पोलीस ठाण्यांपेक्षा एकच मोठे दल बरे, असे तेव्हा तज्ज्ञ म्हणत. प्रत्यक्ष पाहणीत असे दिसले की गस्त व तातडीची मदत लहान दले चांगल्या रीतीने देतात, तर गुन्ह्यांच्या वैज्ञानिक तपासणीसाठी मोठी प्रयोगशाळा उपयुक्त ठरते. थोडक्यात, प्रत्येक कामाला साजेशा आकाराची संस्था हवी. यालाच ऑस्ट्रॉम दांपत्य 'बहुकेंद्री कारभार' म्हणत असे. जे काम खालच्या पातळीवर होऊ शकते ते वरच्या सत्तेने हिरावून घेऊ नये, हे तत्त्व पोप पायस अकरावे यांनी १९३१ सालच्या आपल्या परिपत्रकात मांडले होते, याची जाणकार वाचकांना येथे आठवण होईल.

नोबेल पारितोषिकाच्या रकमेतील आपला वाटाही डॉ. ऑस्ट्रॉम यांनी विद्यापीठातील कार्यासाठी दिला.

मर्यादांचे भान

आपले आठ मुद्दे म्हणजे सर्व रोगांवरील एकच औषध, असा दावा त्यांनी कधी केला नाही. उलट अशा रामबाण उपायांपासून सावध राहा, असेच त्या सांगत. त्यांच्या ग्रंथात अपयशाचीही उदाहरणे आहेत. तुर्कस्तानातीलच दुसऱ्या काही ठिकाणी कोळ्यांना असा समझोता साधला नाही. टीकाकारांनी असेही दाखविले की गावाच्या नावाने बोलणारे अनेकदा गावातील बलवान असतात. स्त्रिया, भूमिहीन आणि दुर्बल जाती यांचा आवाज त्या बैठकीत पोहोचतोच असे नाही. भारतातील वाचकाने हा आक्षेप गांभीर्याने घेतला पाहिजे. नियम बनविण्यात सर्वांचा वाटा असावा, हे डॉ. ऑस्ट्रॉम यांचेच तिसरे लक्षण या कसोटीवर वारंवार तपासावे लागते.

हवामानबदलाच्या प्रश्नावरही त्या अखेरपर्यंत लिहीत राहिल्या. एका जागतिक कराराची वाट पाहत न बसता शहरे, गावे आणि कुटुंबे यांनी आपापल्या पातळीवर काम सुरू करावे, असा आग्रह धरणारा त्यांचा लेख १२ जून २०१२ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच दिवशी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्या ७८ वर्षांच्या होत्या. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी व्हिन्सेंट यांनीही इहलोकाची यात्रा संपविली.

वाचकहो, डॉ. ऑस्ट्रॉम यांचे कार्य ज्या प्रश्नांभोवती फिरते ते आपल्या दाराशीच आहेत. सामाईक विहीर, शेतावर जाणारी वाट, गृहनिर्माण संस्थेतील पाण्याची टाकी, भावाभावांतील बांध, या साऱ्यांवरून आपल्याकडे तंटे होतात. कित्येक तंटे न्यायालयात वर्षानुवर्षे पडून राहतात आणि तोवर दोन घरांतील बोलणे बंद झालेले असते. व्हॅलेन्सियाच्या शेतकऱ्याला आपली तक्रार घेऊन जाण्यासाठी पुढच्या गुरुवारपर्यंतच थांबावे लागते. आपल्या शेजाऱ्याला आपल्याविरुद्ध तक्रार असेल, तर त्याने कोणाकडे जावे? आपल्या वस्तीत याचे उत्तर तयार आहे काय, हे एकदा एकत्र बसून पाहावयास हवे.