मुलाखत कामाची, अपंगत्वाची नव्हे

हिशेबनिसाच्या जागेसाठी एक अंध उमेदवार मुलाखतीला आला आहे, अशी कल्पना करा. पदवी आहे, अनुभव आहे, प्रमाणपत्रे समोर मांडलेली आहेत. तरीही पहिला प्रश्न येतो, 'तुम्ही रोज कार्यालयात येणार कसे?' दुसरा येतो, 'घरी मदतीला कोण असते?' मुलाखत संपते, पण ताळेबंदाविषयी एकही प्रश्न विचारला जात नाही. विचारणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नसतो. बहुधा सहानुभूतीच असते. मात्र परीक्षा न घेताच उमेदवार नापास झालेला असतो.

कायदा काय सांगतो?

१९९५च्या कायद्याने शासकीय सेवेत अपंगांसाठी किमान ३ टक्के जागा राखून ठेवल्या. त्याची जागा घेणारा २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७पासून अमलात आला. राखीव जागांचे प्रमाण किमान ४ टक्के झाले आणि अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ झाले. आरक्षणासाठी किमान ४० टक्के अपंगत्व प्रमाणित असावे लागते. खासगी क्षेत्रावर आरक्षणाचे बंधन नाही. परंतु समान संधीचे धोरण जाहीर करणे प्रत्येक आस्थापनेस आवश्यक आहे.

या कायद्यातील महत्त्वाची संकल्पना म्हणजे 'वाजवी सोय'. संस्थेवर अवाजवी भार न पडता, दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने संधी मिळावी यासाठी केलेला आवश्यक बदल, असा तिचा अर्थ. सोय म्हणजे गुणांत सूट नव्हे. लेखी परीक्षेत पात्र उमेदवाराला लेखनिक आणि तासामागे किमान २० मिनिटे जादा मिळतात, तेव्हा प्रश्नपत्रिका सोपी होत नाही. उत्तर कागदावर उतरवण्यातील अडथळा तेवढा दूर होतो.

न्यायालयाची भूमिकाही स्पष्ट आहे. मध्य प्रदेशातील न्यायिक सेवेच्या नियमांत दृष्टिहीन व अल्पदृष्टी उमेदवारांना वगळणारी तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२५ रोजी ती रद्द केली. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून कोणालाही न्यायिक सेवेच्या भरतीतून वगळता येणार नाही, असा हा निकाल आहे.

मुलाखत कशी घ्यावी?

सुरुवात जाहिरातीपासून करावी. टेबलावर बसून करावयाच्या कामासाठी 'दुचाकी परवाना आवश्यक' अशी अट घातली, तर अनेक पात्र उमेदवार अर्जच करणार नाहीत. कामाला खरोखर जे लागते, तेवढेच लिहावे.

मुलाखतीचे पत्र पाठवताना सर्वच उमेदवारांना विचारावे, 'आपल्याला कोणती विशेष व्यवस्था हवी आहे का?' मग चाकाची खुर्ची वापरणाऱ्यासाठी तळमजल्यावरची खोली किंवा कर्णबधिर उमेदवारासाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी, अशी तयारी आधीच करता येते.

प्रत्यक्ष मुलाखतीत दुभाषी असला तरी बोलणे उमेदवाराशीच करावे. ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेणाऱ्याकडे तोंड करून बोलावे. अंध उमेदवाराला खोलीत कोण कोण बसले आहे, हे नावानिशी सांगावे. मदतीचा हात देण्यापूर्वी ती हवी आहे का, हे विचारावे.

अपंगत्व कशामुळे आले, उपचार काय चालू आहेत, लग्न झाले का, हे प्रश्न टाळावेत. त्याऐवजी काम समोर ठेवावे : 'येथे रोज पावत्या नोंदवाव्या लागतात आणि महिनाअखेरीस ताळमेळ घालावा लागतो. तुम्ही हे कसे कराल?' हाच प्रश्न प्रत्येक उमेदवाराला विचारावा आणि गुणही एकाच कसोटीवर द्यावेत.

अंध हिशेबनीस तेव्हा सांगू शकेल, की पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी संगणक प्रणाली तो वापरतो. शंका असेल, तर त्याच प्रणालीवर दहा नोंदी करून दाखवण्यास सांगावे. नोंदी चुकल्या, तर इतर कोणाहीप्रमाणे त्याला नकार देता येईल. त्या नकाराला निदान आधार असेल. नोंदी बरोबर आल्या, तर 'हे यांना जमेल का?' या प्रश्नाचे उत्तर त्याच खोलीत मिळालेले असेल.

दया दाखवून दिलेली नोकरी आणि कीव करून दिलेला नकार, दोन्हींत उमेदवाराची गुणवत्ता पाहिलीच जात नाही. ती पाहावी, एवढीच त्याची मागणी असते.