चुकलेल्या भाकितांचा जमाखर्च

मुष्टियुद्धाच्या शौकिनांमध्ये एक रीत आहे, आणि ती इतर क्षेत्रांतील जाणकारांनीही उचलावी अशी आहे. एखादी मोठी लढत होऊन जाते, जयपराजयाचा धुरळा खाली बसतो, आणि मग ही मंडळी एकमेकांना विचारतात : तुमचे आजवरचे सर्वांत वाईट चुकलेले भाकीत कोणते? एकेक जण फारशी सबब न सांगता आपली फजिती सांगू लागतो. कोणी ज्याला दोन फेऱ्यांचा पाहुणा ठरविले होते, तो जगज्जेता झालेला असतो. कोणी ज्याला अजिंक्य म्हणून डोक्यावर घेतले होते, तो पुढच्याच लढतीत आडवा झालेला असतो. हशा पिकतो. परंतु त्या हशाखाली एक गंभीर गोष्ट घडत असते. माणूस आपल्या निर्णयशक्तीचा हिशेब चारचौघांत मांडत असतो.

आमच्या दिग्रसकडे मुष्टियुद्धापेक्षा कुस्त्यांची दंगल अधिक परिचयाची. दंगलीला जमलेल्या गर्दीत भाकीत न करणारा प्रेक्षक शोधूनही सापडावयाचा नाही. मल्ल लंगोट कसून मातीत उतरतो न उतरतो तोच त्याच्या खांद्यांकडे आणि मांड्यांकडे पाहून निकाल जाहीर होतो. कुस्ती उलटली की तीच मंडळी "मी म्हणतच होतो, गड्याचा दम कच्चा आहे" असे म्हणत कपड्यांची धूळ झटकून उठतात. चुकलेले भाकीत आखाड्यातच राहते. घरी येते ती केवळ जाणतेपणाची आढ्यता. मुष्टियुद्धाच्या शौकिनांची रीत नेमकी याच्या उलट आहे आणि म्हणून ती समजून घेण्याजोगी आहे.

त्यांच्या कबुलीजबाबांत काही लढती हटकून येतात. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकेतील मायामी बीच येथे सनी लिस्टन आणि कॅशियस क्ले यांची लढत झाली. फ्लॉइड पॅटर्सनसारख्या जगज्जेत्याला लिस्टनने १९६२ आणि १९६३ साली, दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत झोपविले होते. क्ले अवघा बावीस वर्षांचा, बडबड्या, कवने करणारा. लढतीला जमलेल्या ४६ क्रीडा-लेखकांपैकी ४३ जणांनी लिस्टनला कौल दिला होता. न्यूयॉर्कच्या एका प्रतिष्ठित दैनिकाला तर ही लढत ज्येष्ठ वार्ताहर पाठविण्याच्या योग्यतेचीही वाटली नाही. त्याने रॉबर्ट लिप्साइट या तरुण वार्ताहराला धाडले, आणि लढतीच्या जागेपासून जवळच्या रुग्णालयाचा रस्ता आधीच पाहून ठेव, अशी सूचनाही दिली. क्लेला तेथे न्यावे लागणार याविषयी संपादकांच्या मनात संशय नव्हता. प्रत्यक्षात सातव्या फेरीची घंटा झाली तेव्हा लिस्टन आपल्या कोपऱ्यातील तिवईवरून उठलाच नाही. क्ले जगज्जेता झाला आणि लवकरच महंमद अली या नावाने जगाला माहीत झाला.

निदान अलीच्या बाबतीत तरी जाणकार यापुढे जपून बोलतील, असे कोणालाही वाटेल. पण दहा वर्षांनी, ३० ऑक्टोबर १९७४ रोजी, झाईरची राजधानी किन्शासा येथे तीच चूक पुन्हा झाली, आणि या वेळी ती अधिक तर्कशुद्ध होती. जॉर्ज फोरमन पंचवीस वर्षांचा. ४० लढतींपैकी एकही न हरलेला. ज्यो फ्रेझरने आणि केन नॉर्टनने अलीला एकेकदा हरविले होते. त्या दोघांनाही फोरमनने दुसऱ्याच फेरीत संपविले होते. शाळेतील त्रैराशिकाप्रमाणे उत्तर उघड होते : क हा ख पेक्षा मोठा, ख हा ग पेक्षा मोठा, म्हणून क हा ग पेक्षा मोठा. बत्तीस वर्षांच्या अलीच्या जिवाची काळजी करणारेही होते. परंतु माणसे म्हणजे आकडे नव्हेत. अलीने दोरांना पाठ टेकली, हातांच्या आड चेहरा लपविला आणि फोरमनला मारू दिले. मारून मारून फोरमनचे हात जड झाले, तेव्हा आठव्या फेरीत अलीने त्याला खाली पाडले. फ्रेझर आणि नॉर्टन यांच्याविरुद्ध जी शक्ती फोरमनच्या उपयोगी पडली, तीच अलीने त्याच्यावर उलटविली. त्रैराशिकात ही गोष्ट धरलेली नव्हती.

तिसरे उदाहरण ११ फेब्रुवारी १९९०चे, टोकियोचे. माइक टायसन ३७ लढती जिंकून आलेला; त्यांपैकी ३३ त्याने प्रतिस्पर्ध्याला निकालात काढून जिंकलेल्या. समोर जेम्स डग्लस. बहुतेक पेढ्यांनी या लढतीवर पैजाच घेतल्या नाहीत. जिने घेतल्या, तिने डग्लसचा भाव एकास बेचाळीस असा लावला. डग्लसची आई त्याच्या आधी काही आठवड्यांपूर्वीच वारली होती. आठव्या फेरीत तो खाली पडला, उठला, आणि दहाव्या फेरीत टायसन गुडघ्यांवर रांगत आपली दातांची ढाल चाचपताना जगाने पाहिला. ज्या फोरमनला १९७४ नंतर संपलेला म्हणून लोकांनी निकालात काढले होते, त्याने ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मायकेल मूररला दहाव्या फेरीत पाडून जगज्जेतेपद परत मिळविले. म्हणजे एकाच माणसाविषयी दोनदा चुकण्याची संधी शौकिनांना मिळाली, आणि पुष्कळांनी ती साधली.

या साऱ्या चुका अडाण्यांच्या नव्हेत. त्या जाणत्यांच्या आहेत. आणि त्या कबूल करणे अवघड असते, याचे कारण केवळ अहंकार नव्हे. आपली स्मृतीच आपल्याला फसविते. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकारी रूथ बाइथ यांच्यासह एक प्रयोग केला. राष्ट्राध्यक्ष निक्सन १९७२ साली चीन आणि रशिया यांच्या दौऱ्यावर निघाले, त्या वेळी या दौऱ्यांतून काय काय घडेल याची शक्यता विद्यार्थ्यांकडून लिहून घेतली. दौरे आटोपल्यावर त्याच विद्यार्थ्यांना विचारले : तुम्ही तेव्हा काय म्हटले होते? जे घडले होते, ते घडेल असे आपण पूर्वी अधिक खात्रीने म्हटले होते, असेच बहुतेकांना "आठवले". कोणी जाणूनबुजून खोटे बोलत नव्हते. निकाल कळताच मन मागे जाऊन आपल्या जुन्या मताची खाडाखोड करून येते. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाचा अर्थ एका वाक्यात सांगावयाचा तर असा, की लिहून ठेवले नसेल तर प्रामाणिक माणूसही आपल्या चुकांचा साक्षीदार होऊ शकत नाही.

आता या कबुलीजबाबाची दुसरी बाजू पाहावयास हवी. शौकिनाला चूक मान्य करणे तसे परवडते. त्याच्या भाकिताने लिस्टनला अधिक बळ आले नाही, की डग्लसचा एक ठोसा उणा पडला नाही. फार तर पैजेचे चार पैसे गेले. परंतु असे भाकीत करणारेही असतात, ज्यांच्या शब्दाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. खाशाबा जाधवांची हकीकत या दृष्टीने मनात घोळवावी. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचा हा मल्ल १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला होता. १९५२ साली हेलसिंकीला जावयाचे तर खर्चाची तोंडमिळवणी होईना. अशा वेळी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा गेले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर शंभरांहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीत सामील होणाऱ्यास भाकीत करावे लागत नाही. प्राचार्य खर्डेकरांनी केलेले भाकीत मात्र खरेखुरे होते, कारण ते चुकले असते तर छप्पर त्यांचे जाणार होते. त्यांच्यानंतर दुसरे वैयक्तिक पदक मिळावयास देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे तब्बल ४४ वर्षे, वाट पाहावी लागली. या मधल्या काळात "याच्याच्याने काय होणार" या एका वाक्याने किती खाशाबा घरी बसले, हे कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही.

आणि हे वाक्य आपल्या आसपास रोज उच्चारले जाते. दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी आखाड्याबाहेरही भाकितांचा सुकाळ आहे. शिक्षक नववीतल्या मुलाकडे पाहून म्हणतात, "हा काही दहावी काढत नाही." कचेरीतील कारकून खेड्यावरून आलेल्या म्हाताऱ्याला सांगतो, "या अर्जातून काही निघणार नाही, बाबा." म्हातारा अर्ज न देताच परतीची एस. टी. पकडतो, आणि कारकुनाचे भाकीत आपोआप खरे ठरते. येथेच आखाड्यातील भाकीत आणि वर्गातील भाकीत यांचा मार्ग वेगळा होतो. प्रेक्षक हरेल म्हणाला म्हणून मल्ल हरत नाही. पण शिक्षक नापास होशील म्हणाला म्हणून मुलगा नापास होऊ शकतो. रॉबर्ट रोझेंथाल आणि लिओनोर जेकबसन यांनी १९६८ साली अमेरिकेतील एका प्राथमिक शाळेवरील प्रयोग प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली काही मुले यंदा विशेष चमकणार आहेत, असे त्यांनी शिक्षकांना सांगितले होते. वर्षअखेर, विशेषतः खालच्या इयत्तांत, ती मुले इतरांहून पुढे गेलेली दिसली. या प्रयोगाच्या आकड्यांवर पुढे बरेच वाद झाले आणि परिणाम वाटला तेवढा मोठा नसावा, असे अनेकांचे मत पडले. तथापि ज्याने पाच वर्षे वर्गावर काढली आहेत, त्याला मूळ मुद्दा पटविण्यास प्रयोगशाळेची गरज नाही.

यावर कोणी म्हणेल, मग भाकीत करूच नये की काय? तसे नव्हे. भाकितावाचून संसार चालत नाही. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर कापूस टोबावा की थांबावे, हा निर्णय म्हणजे भाकीतच होय, आणि ते चुकले तर दुबार पेरणीचे बियाणे उसनवारीने आणावे लागते. म्हणून तर अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळच्या घटमांडणीकडे वऱ्हाडातला शेतकरी कान लावून असतो. तिथले कोणते भाकीत खरे झाले ते गावोगाव सांगितले जाते. कोणते चुकले याची वही मात्र कोणी ठेवीत नाही. उलट, ज्या हवामान खात्याची आपण सर्रास थट्टा करतो, त्याचा जमाखर्च उघडा आहे. २००२ साली खात्याने सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज दिला. पडला ८१ टक्के. जुलै तर जवळजवळ निम्मा कोरडा गेला. चूक आकड्यांत होती, म्हणून ती झाकता आली नाही. १९८८ पासून वापरात असलेली सोळा घटकांची पद्धत खात्याने बाजूला ठेवली आणि २००३ मध्ये नवी आणली. २००९ साली खाते पुन्हा चुकले : एप्रिलमध्ये सांगितले ९६ टक्के, झाला सुमारे ७८. म्हणजे कबुली दिली की माणूस अचूक होतो, असे नाही. पण जेथे चूक लिहिलेली असते तेथेच ती सुधारण्यास जागा असते. थट्टेचा विषय झालेले हे खाते या बाबतीत आपणा सर्वांहून प्रामाणिक आहे.

तेव्हा मुष्टियुद्धाच्या शौकिनांकडून घ्यावयाचे ते एवढेच. भाकीत करावयाचे तर ते स्पष्ट शब्दांत करावे, कारणासह कोठे तरी टिपून ठेवावे, आणि निकाल लागल्यावर ते पान उघडावे. जूनमध्ये वर्गात पाऊल टाकताना शिक्षकाने चाळीस मुलांविषयीचा आपला अंदाज एका वहीत लिहावा. मुलांना मात्र तो कळू देऊ नये. पाच वर्षांनी वही उघडावी. फोरमनविषयीचे त्रैराशिक जसे फसले तसे आपले कोठे फसले, कोणत्या मुलाच्या मळक्या सदऱ्याकडे पाहून आपण त्याच्या बुद्धीचा अंदाज बांधला, कोणत्या मुलीच्या गप्प बसण्याला आपण मठ्ठपणा समजलो, हे त्या पानांवर दिसेल. आणि तो विद्यार्थी कधी बाजारात भेटला, तर "तुझ्याबद्दल माझा अंदाज चुकला होता, बरे झाले" हे वाक्य उच्चारण्यास कोणत्याही शिक्षकाने संकोचू नये. त्याने शिक्षकाची प्रतिष्ठा तिळमात्र घटत नाही.

विद्यार्थ्यांनीही यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तुमच्याविषयी कोणी काय भाकीत केले आहे, याला १९६४च्या त्या ४३ लेखकांच्या कौलाहून अधिक महत्त्व देण्याचे कारण नाही. घंटा होईपर्यंत निकाल कोणाच्याही हाती नसतो. आणि भाकीत करणाऱ्याला लढतीत एकही ठोसा सोसावा लागत नाही.